झाकलेले शस्त्र, उघडा परवाना
(अमेरिकेतील पिस्तूल-परवान्यांच्या निमित्ताने)

तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र

गेल्या दिवाळीत माझा मामेभाऊ ह्यूस्टनहून चार वर्षांनी घरी आला. फराळाला बसल्यावर त्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जाईना, आणि प्रस्तुत लेखाचे मूळ तीत आहे. त्याच्या कचेरीतला एक सहकारी. दोन वर्षे दोघांची टेबले शेजारी शेजारी, जेवणाचा डबा एकत्र. एके दिवशी तो गृहस्थ जमिनीवर पडलेला कागद उचलायला वाकला, सदरा वर सरकला आणि कंबरेला खोचलेल्या पिस्तुलाची मूठ दिसली. दादा म्हणाला, "मला त्या माणसाची भीती वाटली नाही रे. माणूस सज्जन आहे. पण दोन वर्षे मला पत्ता नव्हता, याची भीती वाटली."

मी सहज विचारले, "त्याच्याजवळ परवाना असेल ना?"

दादा म्हणाला, "आमच्या राज्यात आता लागत नाही."

या उत्तराने मी चक्रावलो. कारण त्याच सुमारास आमच्या घरात बंदुकीच्या परवान्याचाच खल चालला होता. आमचे गाव कोकणात. आजोबांच्या नावे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती. रात्री भातात रानडुकरे शिरली की दारू ठासून एक बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. आजोबा वारले, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, आणि ती बाबांच्या नावे करावी की कायमची देऊन टाकावी याचा निर्णय घरात होईना. एकीकडे शंभर वर्षांपूर्वीच्या धर्तीची, दारू ठासायची बंदूक मिळवण्यासाठी खेटे घालणारे बाबा, आणि दुसरीकडे भरलेले पिस्तूल सदऱ्याखाली घेऊन कोणालाही न विचारता कचेरीत येणारा तो गृहस्थ. हे दोन टोकांचे कायदे कशातून जन्मले, हे पाहावे असे ठरवले. सुट्टी संपल्यावर आमच्या सरांना विचारले तर ते म्हणाले, "अमेरिकेचा कायदा वाच, पण वाचताना शस्त्राकडे पाहू नकोस. परवानगी कोण देतो आणि कोणत्या शब्दांत देतो, ते पाहा." त्या सूचनेप्रमाणे जे वाचले ते येथे मांडतो.

शस्त्र उघडे आणि शस्त्र झाकलेले

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. शस्त्रे बाळगण्याचा व धारण करण्याचा लोकांचा हक्क तीत सांगितला आहे. पण त्याच वाक्यात सुव्यवस्थित नागरी सेनेचाही उल्लेख आहे. हा हक्क एकेका व्यक्तीचा की नागरी सेनेपुरता, यावर तेथे दोन शतके वाद झाला.

परंतु आपल्याला वाटते तसे त्या देशात पहिल्यापासून कोणीही कसेही शस्त्र घेऊन हिंडत नव्हते. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच झाकून शस्त्र बाळगण्यास बंदी घातली होती. उघडे शस्त्र मात्र चालत असे. आज हे उलटे वाटते. पण त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. जो उघडपणे शस्त्र लावतो तो समोरच्याला सावध करतो. जो लपवतो त्याच्या मनात काही काळेबेरे असले पाहिजे, अशी त्या काळची समजूत होती. पुढे शहरे वाढली, उघडे शस्त्र पाहून बाजारात घबराट होऊ लागली, आणि हळूहळू झाकलेले शस्त्रच सभ्य ठरले. मग प्रश्न उभा राहिला की जे दिसत नाही त्याची समाजाला खात्री कशी पटावी? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे परवाना. शस्त्र झाकलेले, पण त्याची नोंद सरकारी दप्तरात उघडी.

माझ्या मते परवान्याचा खरा अर्थ एवढाच आहे. ती समोरच्या निःशस्त्र माणसाला दिलेली हमी आहे. तिसऱ्या कोणी तरी या माणसाला पाहिले आहे, पारखले आहे, आणि काही विपरीत घडल्यास जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक आहे.

गावाचा कायदा

अमेरिकेत हा विषय मुख्यतः राज्यांचा; आणि पूर्वी तर तो बराचसा गावांचाच होता. याची तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण अॅरिझोनातील टूमस्टोन या खाणींच्या गावाचे. पाश्चात्त्य चित्रपटांमुळे हे गाव म्हणजे बेबंद गोळीबार अशी आपली कल्पना. प्रत्यक्षात एप्रिल १८८१ मध्ये गावाने ठराव केला होता की गावात शस्त्र घेऊन फिरू नये. बाहेरून येणाऱ्याने ते उतरवून ठेवावे. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी तेथे झालेल्या प्रसिद्ध चकमकीत तीन माणसे मेली. त्या चकमकीच्या कारणांमध्ये जुने वैर होतेच, पण निमित्त होते या नियमाचे. गावाच्या पोलीस अधिकाऱ्यांना समोरच्यांची शस्त्रे उतरवून घ्यायची होती. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ते गाव जगात गाजले ती बंदूकबंदीच्या अंमलबजावणीतून घडली. आणि त्याच अॅरिझोना राज्याने २०१० मध्ये झाकून पिस्तूल बाळगण्यासाठी परवान्याची अटच काढून टाकली.

दुसरे उदाहरण व्हरमाँट राज्यातील रटलंड शहराचे. तेथे झाकलेले शस्त्र बाळगण्यास महापौर किंवा पोलीसप्रमुख यांची लेखी परवानगी लागे. १९०३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा स्थानिक नियम रद्द केला. तेव्हापासून आजपर्यंत त्या राज्यात असा परवाना नाहीच.

तिसरे उदाहरण दोन गावांचे आहे. इलिनॉय राज्यातील मॉर्टन ग्रोव्ह या गावाने १९८१ मध्ये पिस्तूल जवळ बाळगण्यावरच बंदी घातली. त्याला उत्तर म्हणून जॉर्जिया राज्यातील केनेसॉ या गावाने १९८२ मध्ये ठराव केला की प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरात बंदूक व काडतुसे ठेवलीच पाहिजेत. ज्यांच्या धर्माला वा विवेकाला ते पटत नाही, ज्यांना ते परवडत नाही, अशांना सूट होती, आणि कोणावर सक्तीही झाली नाही. एका गावात बंदूक ठेवणे गुन्हा आणि दुसऱ्या गावात न ठेवणे नियमबाह्य, देश एकच. स्थानिक स्वराज्याचे याहून टोकाचे उदाहरण आमच्या क्रमिक पुस्तकात मला सापडले नाही.

हा गोंधळ टाळण्यासाठी पुढे बहुतेक राज्यांनी कायदे करून शहरांचे व गावांचे हे अधिकार आपल्याकडे ओढून घेतले. तरीही काही अपवाद उरले. न्यूयॉर्क राज्यातील अन्य भागात मिळालेला परवाना न्यूयॉर्क शहरात चालत नाही; त्यासाठी शहराच्या पोलीस आयुक्तांची वेगळी परवानगी लागते.

न्यूयॉर्कचा १९११ चा कायदा

परवाना-पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना न्यूयॉर्कचाच. १९१० मध्ये शहराचे महापौर गेनर यांच्यावर गोळी झाडली गेली. जानेवारी १९११ मध्ये डेव्हिड ग्रॅहॅम फिलिप्स या कादंबरीकाराचा भर रस्त्यात खून झाला. लोकमत खवळले. टिमथी सलिव्हन या राज्य-सिनेटरने विधेयक आणले आणि १९११ मध्ये कायदा झाला. अंगावर लपवता येईल एवढे लहान कोणतेही अग्निशस्त्र परवान्याशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हा ठरला. १९१३ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक जागी पिस्तूल नेण्यासाठी अर्जदाराने 'योग्य कारण' दाखवले पाहिजे अशी अट आली.

'योग्य कारण' हे दोन शब्द शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. पण योग्य कोणते हे ठरवणार कोण? शहरात पोलीस खाते, बाहेर बहुतेक ठिकाणी न्यायाधीश. मला सर्वसाधारण धोका वाटतो, हे कारण पुरेसे नसे. इतरांपेक्षा मला विशेष धोका आहे हे सिद्ध करावे लागे. जवाहिऱ्याला, मोठी रोकड नेणाऱ्याला ते सिद्ध करता येई. रात्रपाळी करून भुयारी रेल्वेने अंधाऱ्या वस्तीत परतणाऱ्या कामगाराला ते कसे सिद्ध करता येणार? आरंभीच्या काळात या कायद्याचा रोख इटलीहून आलेल्या गरीब स्थलांतरितांवर होता, अशी टीका काही इतिहासकारांनी केली आहे.

'देऊ शकेल' आणि 'दिलाच पाहिजे'

येथे व्याकरणाचा एक मुद्दा येतो. अमेरिकेतील परवाना-कायद्यांचे दोन वर्ग पाडतात आणि ते केवळ एका सहायक क्रियापदावरून. एका वर्गाला 'मे इश्यू' म्हणतात: अधिकारी परवाना 'देऊ शकेल'. दुसऱ्याला 'शॅल इश्यू' म्हणतात: ठरलेल्या अटी पुऱ्या झाल्या तर अधिकाऱ्याने परवाना 'दिलाच पाहिजे'. पहिल्या वर्गात निर्णय अधिकाऱ्याच्या मनात असतो, दुसऱ्या वर्गात तो कायद्याच्या कागदावर असतो.

फ्लोरिडाने १९८७ मध्ये दुसरी पद्धत स्वीकारली आणि तेथून वारे फिरले. वय, गुन्हेगारीची नोंद नसणे, थोडे प्रशिक्षण, बोटांचे ठसे, शुल्क, एवढे झाले की परवाना. एकामागून एक राज्ये या वाटेने गेली. इलिनॉय हे झाकून शस्त्र बाळगण्यास मुळीच वाव न देणारे शेवटचे राज्य होते. न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ मध्ये तेथेही परवाना सुरू झाला.

'देऊ शकेल' या शब्दांचे मोल काय असते हे एका अर्जावरून कळते. ३० जानेवारी १९५६ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात एका तरुण धर्मोपदेशकाच्या घरावर बाँब टाकण्यात आला. घरात त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. धमक्यांचे दूरध्वनी रोज येत. त्याने शेरीफच्या कचेरीत पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. घरावर बाँब पडणे याहून 'योग्य कारण' ते कोणते? अर्ज नामंजूर झाला. अर्जदाराचे नाव होते मार्टिन ल्यूथर किंग. काळ्या माणसाला शस्त्र द्यायचे नाही हे कायद्यात कोठेही लिहिलेले नव्हते. ते लिहिण्याची गरजच नव्हती. 'देऊ शकेल' या दोन शब्दांत ते मावत होते.

किंग यांनी पुढे घरातले होते तेवढेही शस्त्र काढून टाकले आणि गांधीजींचा मार्ग पूर्णपणे पत्करला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. शस्त्र सोडण्याचा त्यांचा निर्णय थोर होता. परंतु शेरीफचा नकार त्यामुळे न्याय्य ठरत नाही. स्वतः शस्त्र टाकणे वेगळे आणि दुसऱ्याने तुमची योग्यता तुमच्या कातडीवरून ठरवणे वेगळे.

२००८ ते २०२४

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये 'हेलर' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. २०१० मध्ये 'मॅक्डॉनल्ड' खटल्यात हाच नियम राज्यांना व शहरांना लागू झाला आणि शिकागोची १९८२ पासूनची पिस्तूलबंदी कोसळली. मग घराबाहेरचे काय, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर २३ जून २०२२ रोजी 'ब्रूएन' खटल्यात मिळाले. न्यूयॉर्क राज्यातील दोन नागरिकांना शिकार व नेमबाजीपुरता मर्यादित परवाना मिळाला होता. स्वसंरक्षणासाठी सर्वत्र पिस्तूल नेण्याचा मिळाला नव्हता. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने 'योग्य कारण' ही अट घटनाबाह्य ठरवली. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती टॉमस यांचे होते. घटनेने दिलेल्या अन्य कोणत्याही हक्कासाठी नागरिकाला अधिकाऱ्यापुढे आपली खास गरज सिद्ध करावी लागत नाही, मग याच हक्कासाठी का, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. मतभेद नोंदवणारे न्यायमूर्ती ब्रायर यांनी आरंभीच २०२० मध्ये अमेरिकेत अग्निशस्त्रांनी मेलेल्यांचा आकडा दिला: ४५,२२२.

हा निकाल वाचताना एक गोष्ट विसरू नये. न्यायालयाने परवाना-पद्धत रद्द केली नाही. अधिकाऱ्याची मर्जी रद्द केली. वस्तुनिष्ठ अटींवर चालणारी परवाना-पद्धत ठेवता येते, हे निकालात मान्य केलेले आहे. न्यूयॉर्कने लगेच १ सप्टेंबर २०२२ पासून नवा कायदा अमलात आणला. त्यात १६ तासांचे वर्ग, २ तासांची प्रत्यक्ष नेमबाजी, चारित्र्याची ग्वाही देणाऱ्या चार व्यक्ती आणि समक्ष मुलाखत आली. शिवाय शाळा, प्रार्थनास्थळे, भुयारी रेल्वे, टाइम्स स्क्वेअर अशा 'संवेदनशील' जागी पिस्तूल नेण्यास बंदी आली. यातील काही तरतुदी पुढे न्यायालयांनी अडवल्या, बऱ्याच टिकल्या. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी असेही ठरवले की कौटुंबिक हिंसेबद्दल न्यायालयीन मनाई-हुकूम असलेल्या आणि दुसऱ्याच्या जिवाला धोका ठरलेल्या माणसाचे शस्त्र काढून घेता येते.

दुसऱ्या बाजूला परवानाच नको म्हणणारी राज्ये वाढत गेली. २००३ पर्यंत असे एकटे व्हरमाँट होते. त्या वर्षी अलास्का आले, २०१० मध्ये अॅरिझोना. आणि २०२४ अखेर ५० पैकी २९ राज्यांत कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या प्रौढ माणसाला झाकून पिस्तूल नेण्यासाठी परवाना लागत नव्हता.

टेक्सासची पाटी

दादाचे टेक्सास हे त्यांपैकीच एक. या राज्याचा इतिहास मौजेचा आहे. काउबॉयचे म्हणून गाजलेल्या या राज्यात १८७१ पासून पिस्तूल घेऊन हिंडण्यास सर्वसाधारण बंदी होती. परवाना देणारा कायदा आला तो १९९५ मध्ये. २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल उघडे लावण्याची मुभा मिळाली, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याचीच गरज राहिली नाही. मात्र ज्याला हवा त्याला परवाना आजही मिळतो. अनेक जण तो घेतातही. कारण एका राज्याचा नियम दुसऱ्या राज्याच्या सीमेवर संपतो. मोटार चालवण्याचा परवाना देशभर चालतो, पिस्तुलाचा तसा आपोआप चालत नाही. दुसरे राज्य टेक्सासचा परवाना मानत असेल तर त्याचा उपयोग.

दादाने सांगितलेली आणि मी नंतर कायद्यात पडताळलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. टेक्सासमधील दुकानदाराला आपल्या दुकानात पिस्तूल नको असेल तर त्याने दारावर पाटी लावायची. पाटीवरचा मजकूर कायद्याने ठरवलेला. तो इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन भाषांत हवा, रंग उठून दिसणारे हवेत, अक्षर किमान एक इंच उंचीचे हवे. परवानाधारकाच्या झाकलेल्या पिस्तुलासाठी एक पाटी, उघड्या पिस्तुलासाठी दुसरी, बिनपरवान्याच्या माणसासाठी तिसरी. या पाट्यांना तेथे कलमांच्या क्रमांकांनीच ओळखतात. ज्या दुकानाचे ५१ टक्के वा अधिक उत्पन्न तेथेच पिण्यासाठी विकलेल्या दारूतून येते त्याला आणखी वेगळी लाल अक्षरांची पाटी.

म्हणजे झाले काय? पूर्वी पिस्तूल बाळगणाऱ्याने सरकारकडे जाऊन 'मी योग्य आहे' हे दाखवायचे होते. आता पिस्तूल नको असणाऱ्याने एक इंची अक्षरांत ते जाहीर करायचे. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. शस्त्र झाकलेलेच राहिले. दप्तरातील नोंद मात्र गेली आणि तिच्या जागी दुकानाच्या दारावर पाटी आली.

दादासारख्यांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. जे परदेशी लोक तेथे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर राहतात त्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडल्यास, संघराज्याच्या कायद्याने अग्निशस्त्र बाळगताच येत नाही. कायम वास्तव्याचे पत्र मिळाले की ती बंदी उठते. तेव्हा त्या कचेरीत शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला कोणालाही न विचारता शस्त्र नेता येते आणि दुसऱ्याला विचारूनही नेता येत नाही.

आकडे काय सांगतात?

सज्जनांच्या हाती शस्त्रे गेली तर दुर्जन वचकतील, हा तेथील एक आवडता युक्तिवाद. १९९७ मध्ये जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड या अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीच्या आधारे तसे प्रतिपादन केले. २००४ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने सर्व पुरावा तपासून म्हटले की यावरून इकडचा वा तिकडचा निष्कर्ष काढता येत नाही. २०१९ मध्ये जॉन डोनह्यू व सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने हिशेब करून दाखवले की सढळ परवाना-कायदे आल्यावर दहा वर्षांत त्या राज्यांतील हिंसक गुन्हे, कायदा न आल्यास जेवढे झाले असते त्याहून, सुमारे १३ ते १५ टक्क्यांनी जास्त भरले. ताज्या संशोधनाचा कल वचकाच्या सिद्धान्ताला अनुकूल नाही, एवढे म्हणता येते.

आपल्या घराकडे वळताना

हे सारे वाचून झाल्यावर मी आपला १९५९ चा शस्त्र अधिनियम हाती घेतला, आणि त्यात तीच दोन क्रियापदे भेटली.

आपल्याकडे परवान्याचा इतिहास कडू आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बंद केले, आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तो हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार बिनदिक्कत विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्याकडे शस्त्र हा हक्क झाला नाही, परवानगीचा विषय राहिला.

पण ती परवानगी कशी? अधिनियमाच्या १३ व्या कलमात दोन पायऱ्या आहेत. शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षण व खेळ यांसाठी किमान २० इंची नळीची साधी बंदूक हवी असेल, तर अधिकाऱ्याने परवाना 'दिला पाहिजे'. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांसारख्या बाबतीत मात्र 'सबळ कारण' आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर. जे लपवता येत नाही त्याला एक नियम, जे लपवता येते त्याला दुसरा. १४ व्या कलमात नकाराची कारणे आहेत. सार्वजनिक शांतता, अर्जदाराची मनोवस्था इत्यादी. त्याच कलमात असेही आहे की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही, आणि नकाराची कारणे अधिकाऱ्याने लेखी नोंदवावीत. नकारावर अपील आहे. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल म्यानात व पूर्ण झाकलेले असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतात हे तर गावोगावी माहीत आहे. आजोबा दर निवडणुकीला बंदूक खांद्यावर टाकून तालुक्याला जात आणि पावती पिशवीत घालून परत येत. सारे गाव पाही. आजोबांच्या घरी बंदूक आहे हे लपलेले नव्हते; आणि ती आज घरी नाही हेही लपलेले नसे.

कागदावर हे उत्तम आहे. व्यवहारात काय होते ते बाबांनी अनुभवले. परवान्याची चौकशी करायला ते एका कचेरीत गेले तेव्हा तेथील कारकुनाने मान वर न करता विचारले, "आता कशाला हवी तुम्हाला बंदूक?" बाबा शाळेतून निवृत्त झालेले साधे गृहस्थ. ते ओशाळून परत आले. कायद्यात 'दिला पाहिजे' लिहिलेले होते. मेजापलीकडून ऐकू आले ते 'देऊ शकेल'. तो कारकून माँटगोमेरीचा शेरीफ नव्हे, हे मी जाणतो. पण प्रश्न विचारण्याची रीत मला त्याच घराण्यातील वाटली.

निष्कर्ष

या अभ्यासातून मला तीन गोष्टी पटल्या.

पहिली, परवान्याशिवाय झाकलेले शस्त्र हे समोरच्या निःशस्त्र माणसावर अन्याय करणारे आहे. स्वसंरक्षणाचा हक्क जितका खरा, तितकाच शेजाऱ्याचा निर्धास्त बसण्याचा हक्क खरा.

दुसरी, परवाना मर्जीवर असेल तर तो दुबळ्याच्या विरुद्ध वापरला जातो. १८७८ चा भारत आणि १९५६ ची माँटगोमेरी यांनी हे एकाच भाषेत सांगितले आहे.

तिसरी, म्हणून अटी कडक असाव्यात, पण त्या लिहिलेल्या असाव्यात. आणि नकारही लिहिलेला असावा. अमेरिकेने मर्जी काढताना अनेक राज्यांत अटीही काढून टाकल्या. आपण अटी ठेवल्या आहेत. मर्जी अजून मेजाच्या खणात शिल्लक आहे.

लेख लिहून झाल्यावर मी १३ वे कलम मराठीत उतरवून बाबांना पाठवले. त्यांचे उत्तर आले: "कलम वाचले. यंदा डुकरांनी कोपऱ्यातला वाफा सगळा उलथला. अर्ज करतो. नाही म्हणाले तर कारण लिहून मागेन."